ॲन एनराइटची ‘द ग्रीन रोड’ कशी वाचायची: तयारीपासून गटचर्चेपर्यंत

ही कादंबरी अर्ध्यात सोडलेले लोक मला सारखे भेटतात आणि सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. पहिलं प्रकरण आवडलं, ती छोटी मुलगी आवडली, मग दुसऱ्या प्रकरणात एकदम न्यूयॉर्क, एकदम अकरा वर्षं पुढे, मुलगी गायब, नवीन नावांची गर्दी, आणि कंटाळून पुस्तक परत कपाटात. जे नेटाने शेवटपर्यंत जातात त्यातले बरेच जण "आई फार त्रासदायक बाई आहे बुवा" एवढं म्हणून विषय संपवतात. पुस्तक अवघड आहे म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. अपेक्षा चुकीची असते आणि तयारी शून्य असते, म्हणून होतं.

ॲन एनराइट ही आयरिश लेखिका, कादंबरी २०१५ ची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काउंटी क्लेअरमधलं मॅडिगन कुटुंब: आई रोझालीन, वडील पॅट, आणि डॅन, कॉन्स्टन्स, एमेट, हॅना ही चार मुलं. कुटुंबाची गोष्ट आहे खरी, पण पहिल्या प्रकरणानंतर हे कुटुंब एका टेबलापाशी बसलेलं दिसायला पुस्तक चांगलं अर्ध्याच्या पुढे जावं लागतं. तोपर्यंत एकेक माणूस एकटा दिसतो, वेगळ्या देशात, वेगळ्या वर्षी. मधल्या वर्षांत काय झालं ते लेखिका सांगत नाही. त्या न सांगितलेल्या वर्षांचा हिशोब आपण ठेवायचा असतो, आणि खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

खाली पुस्तकाची रचना आणि प्रत्येक प्रकरणाची सुरुवातीची परिस्थिती सांगितली आहे, शेवटी सगळे घरी जमतात त्या नाताळात नेमकं काय घडतं ते सांगितलेलं नाही, त्यामुळे न वाचलेल्यांनीही बिनधास्त वाचा.

## टप्पा १: पुस्तक उघडायच्या आधीची तयारी

अर्ध्या तासाचं काम आहे. टाळू नका, कारण अर्ध्यात सोडणाऱ्यांपैकी जवळपास कोणीच हे केलेलं नसतं.

एक कागद घ्या, त्यावर पाच रकाने आखा. चार मुलं आणि आई. प्रत्येक रकान्यात तीनच ओळींची जागा ठेवा: कुठे आहे, कुठलं साल, आणि घरच्यांबद्दल हा माणूस काय समजून चाललाय. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. एकाला जे पक्कं माहीत आहे ते दुसऱ्याला माहीतच नसतं, आणि एकच घटना दोघांच्या डोक्यात वेगळी बसलेली असते, हे सगळं या ओळीत पकडायचंय. नेटवरून तयार फॅमिली ट्री उतरवून घेऊ नका, त्यात कोण कोणाबरोबर राहतं हे आधीच कळतं आणि दुसऱ्या प्रकरणाची अर्धी मजा जाते.

नकाशा उघडा. गॉलवेचा उपसागर शोधा, त्याच्या दक्षिणेला बरेन हा चुनखडीच्या उघड्या खडकांचा प्रदेश दिसेल, समोर समुद्रात अरन बेटं. खाली शॅनन विमानतळ, त्याच्या पलीकडे लिमरिक शहर. पूर्वेला दुसऱ्या टोकाला डब्लिन. शीर्षकातला हिरवा रस्ता म्हणजे बरेनमधली जुनी, डांबर न पडलेली, गवत उगवलेली वाट. तिचे दोन-चार फोटो बघून ठेवा, एका बाजूला दगडी डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली अटलांटिक. शेवटच्या भागात हा भूगोल डोक्यात नसेल तर काहीच दिसत नाही. आणि अजून एक, तिकडे डिसेंबरअखेरीला दुपारी साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. हे आत्ताच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

पाच तारखा लिहून घ्या. आख्खा इतिहास वाचायची गरज नाही, एवढ्या पुरतात:

- १९७९: पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला येऊन गेले. पहिलं प्रकरण १९८० चं आहे, म्हणजे चर्चचं वजन अजून पुरेपूर असतानाचं.
- १९९३: पुरुषांमधले समलिंगी संबंध तोपर्यंत कायद्याने गुन्हा होते, या वर्षी ते कलम गेलं.
- १९९५: सार्वमत होऊन घटस्फोटाला परवानगी मिळाली, तीही अगदी निसटत्या फरकाने. त्याआधी लग्न कसंही चालू असो, कायद्याने त्यातून सुटका नव्हती.
- साधारण १९९५ ते २००७: अर्थव्यवस्थेची भरभराट, घरांच्या किमती कित्येक पट.
- २००८: ते सगळं कोसळलं.

शेवटच्या दोन तारखा का हव्यात? कादंबरीचा दुसरा भाग २००५ चा आहे आणि त्यात घर विकायचा विषय आहे. पात्रांना २००८ माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. लेखिकेने हे गृहीत धरलंय आणि ती ते कुठेही समजावून सांगत बसत नाही.

इशारा: समीक्षा, रिव्ह्यू व्हिडिओ, मुलाखती यातलं काही आत्ता बघू नका. जवळपास सगळ्यांमध्ये शेवटचा प्रसंग सांगितलेला असतो.

## टप्पा २: वाचायचा वेग ठरवा

पहिल्या भागात पाच प्रकरणं आहेत, एका माणसाचं एक. एका बैठकीत एकच प्रकरण वाचा, आणि शक्यतो पूर्ण वाचा. झोपायच्या आधी आठ-दहा पानं अशी सवय असेल तर या पुस्तकापुरती मोडा, कारण प्रत्येक प्रकरण स्वतंत्र कथेसारखं बांधलेलं आहे, त्याचा सूर मधे तुटला की परत पकडायला त्रास होतो. दोन प्रकरणांमध्ये एक दिवस सोडा. कागदावरच्या तीन ओळी प्रकरण संपल्यावर लगेच भरा, दुसऱ्या दिवशी नको.

दुसऱ्या भागाचं उलटं. तो जितका सलग वाचता येईल तितका सलग वाचा, सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवलात तर उत्तम.

छापील पुस्तक की ई-बुक? इथे मी छापील म्हणेन, कारण मागे जाऊन शोधावं फार लागतं. ई-बुक असेल तर नाव टाकून शोधायची सोय वापरा, विशेषतः वडिलांचं नाव. तो माणूस फार कमी बोलतो आणि चटकन विसरला जातो.

## टप्पा ३: हॅना, १९८०

हॅना शाळकरी आहे, घरातली सगळ्यात धाकटी. ईस्टरच्या सुमारास मोठा भाऊ डॅन जाहीर करतो की मी पाद्री होणार. त्यावर आई अंथरुणाला खिळते, म्हणजे आजारी पडून नाही, ठरवून.

इथे बहुतेक जण आईला नाटकी म्हणून मोकळे होतात आणि पुढे सरकतात. पहिली मोठी चूक ती हीच. थांबून विचार करा, १९८० च्या कॅथलिक आयर्लंडमध्ये मुलगा पाद्री होणं ही आईसाठी सगळ्यात मोठी प्रतिष्ठा होती, गावात मान वाढायचा. मग ही आई का कोसळते? तिला यात काय दिसलंय जे बाकीच्यांना दिसत नाही? नातवंडं नसणार, लाडका मुलगा कायमचा जाणार, ही झाली वरवरची उत्तरं. आणि ज्या देशात १९९३ पर्यंत दोन पुरुषांचं प्रेम गुन्हा होतं तिथे लग्न न करता सन्मानाने जगायचा एक रस्ता चर्चमधून जात होता, हे पण लक्षात ठेवा. आईला हे कितपत कळतं, डॅनला स्वतःला कितपत कळतं, ते पुस्तक सांगत नाही. प्रश्न कागदावर लिहा आणि उघडाच ठेवा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे घराण्यांमधला फरक. रोझालीन कॉन्सिडाइन घराण्यातली, ज्यांचं गावात औषधांचं दुकान आहे. पॅट शेतकऱ्याचा मुलगा. आयरिश गावात डॉक्टर, केमिस्ट, पाद्री आणि बँकेचा मॅनेजर यांची एक वेगळीच पायरी असायची, आणि जमीन असली तरी शेतकरी त्या पायरीच्या खाली. रोझालीनने खालच्या पायरीवर लग्न केलंय, प्रेमापोटी. या प्रकरणात हॅना आईच्या माहेरच्या दुकानातही जाते आणि वडिलांच्या आईच्या शेतावरही. दोन्ही ठिकाणी ती काय बघते, काय हाताळते, कशाला घाबरते ते शेजारी शेजारी ठेवून बघा. शेतावरचा कोंबडीचा प्रसंग घाईत वाचू नका.

तपासा: प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून सांगता यायला हवं की या घरात आई अंथरुणात असताना कोण काय करतं. कोण चहा नेतं, कोण औषध आणतं, कोण बाहेर निघून जातं. येत नसेल तर ती पानं परत चाळा, कारण पंचवीस वर्षांनंतरही हीच विभागणी चालू राहते.

## टप्पा ४: डॅन, १९९१, न्यूयॉर्क

पुस्तक इथेच सुटतं, म्हणून इथे जास्त सांगतो.

पहिली अडचण म्हणजे आवाज बदलतो. हॅनाच्या प्रकरणात आपण तिच्या खांद्यावरून बघत होतो, इथे एक ‘आम्ही’ बोलतंय. हे ‘आम्ही’ म्हणजे त्या काळातल्या न्यूयॉर्कमधले गे मित्र, एक सगळा गोतावळा, ज्यातले लोक एड्सने एकामागून एक जातायत. १९९१ साल आहे, रोग आटोक्यात ठेवणारी औषधांची एकत्रित उपचारपद्धती यायला अजून पाच वर्षं आहेत. त्यामुळे इथे कोणी आजारी आहे असं वाचलं की त्याचा अर्थ काय होतो ते आजच्या हिशोबाने लावू नका.

दुसरी अडचण, डॅन आतून दिसत नाही. तो प्रकरणाचा नायक असून बाहेरूनच दिसतो, दुसऱ्यांच्या बोलण्यातून, दुसऱ्यांच्या रागातून आणि आकर्षणातून. लोक म्हणतात "डॅन कळलाच नाही". तो त्या मित्रांनाही कळत नाही, आणि कदाचित स्वतःलाही, लेखिकेने त्याला मुद्दाम लांब ठेवलंय. त्याचं पाद्री होणं काय झालं, तो इथे कसा आला, इसाबेल नावाच्या मैत्रिणीचं आणि त्याचं काय, हे तुकड्यातुकड्याने मिळतं.

मग वाचायचं कसं? तर असं:

1. नावं पाठ करू नका. बिली आणि ग्रेग ही दोन नावं धरून ठेवा, बाकीची आली-गेली तरी चालतील.
2. डॅन काय करतो यापेक्षा काय करत नाही ते टिपा. कुठे जात नाही, कोणाला भेटत नाही, काय म्हणत नाही.
3. घराचा, आईचा, आयर्लंडचा उल्लेख जिथे जिथे येईल तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा फार होणार नाहीत, आणि त्या इतक्या कमी का आहेत याचा विचार करा.
4. प्रकरण संपल्यावर पहिल्या प्रकरणातली डॅनची जाहीर घोषणा परत एकदा वाचा. एवढीच पानं, पूर्ण प्रकरण नको.

इशारा: "आधी कॉन्स्टन्सचं वाचतो, हे नंतर बघू" असं करू नका. हे प्रकरण उडी मारून वाचलं तर दुसऱ्या भागात डॅन नुसता छान कपडे घातलेला परदेशी भाऊ वाटतो आणि त्याच्या गप्प राहण्याचं वजन हातातून निघून जातं.

## टप्पा ५: कॉन्स्टन्स १९९७ आणि एमेट २००२

कॉन्स्टन्स घराजवळ राहिलेली मुलगी. नवरा, तीन मुलं, गाडी, मोठं घर. ती लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये स्तनाच्या तपासणीसाठी आलीये आणि वाट बघतीये, बाहेरून बघितलं तर प्रकरणात एवढंच होतं. वाचक हे भरभर उरकतात कारण काही ‘घडत’ नाही. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात भरलेलं प्रकरण हेच आहे. ती वाट बघताना कोणाकोणाचा विचार करते त्याचा क्रम लिहा. तिच्या भीतीबद्दल तिने घरात कोणाला सांगितलंय ते बघा. आईला सांगण्याबद्दल तिला काय वाटतं ते बघा. जी मुलगी जवळ राहिली तीच सगळं करते आणि तीच कमी दिसते, हे इथे कुठेही वाक्यात लिहिलेलं नाही, नुसतं तिच्या दिवसावरून कळतं. तिचं शरीर, तिचं वजन, इतरांची तिच्याकडे बघायची नजर, हेही लक्षात ठेवा, कारण आईची नजरही त्यात आहे.

एमेटचं प्रकरण पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या सेगू शहरातलं, नायजर नदीकाठचं. तो मदतकार्यात काम करतो, ॲलिस नावाच्या सहकारी बाईबरोबर राहतो, आणि ती रस्त्यावरच्या एका कुत्र्याला घरात घेते. तिथले लोक मुस्लिम, कुत्रा घरात ही गोष्ट घरकामाला असलेल्यांना खटकणारी. बहुतेकांना हे प्रकरण आफ्रिकेबद्दलचं वाटतं आणि "याचा कुटुंबाशी काय संबंध" असा प्रश्न पडतो. संबंध शोधायची किल्ली एकच: जगभरच्या दुःखाची काळजी घेणारा हा माणूस शेजारी झोपलेल्या माणसाशी कसा वागतो? हे विचारलंत की बाकी सगळं आपोआप जागेवर येतं.

तपासा: आता चार रकाने भरले असतील. तिसऱ्या ओळी चारही एकत्र वाचा. एकमेकांशी न जुळणारी एक तरी गोष्ट सापडायलाच हवी. सापडली नाही तर नोंदी फार ढोबळ झाल्यात, "आईवर राग आहे" असं लिहिलं असेल तर ते खोडून कशाचा राग, कुठल्या दिवसाचा, ते लिहा.

## टप्पा ६: रोझालीन, २००५, आणि मग एक थांबा

आता आई. नवरा वारलाय, मुलं गेलीयेत, ती त्या घरात एकटी आहे आणि नाताळची कार्डं लिहितीये. घर विकायचं असं ती ठरवते.

या प्रकरणात एकच नियम पाळा: तोपर्यंत मुलांकडून ऐकलेलं सगळं बाजूला ठेवा आणि तिला नवीन माणूस समजून वाचा. मुलांच्या डोळ्यातून ती एक प्रचंड, सगळी हवा शोषून घेणारी बाई होती. इथे ती आतून दिसते, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकताना वाचकाची चांगलीच पंचाईत होते, कारण ती अन्यायकारकही आहे आणि एकाकीही, आणि दोन्ही एकाच वाक्यात. तिची कार्डं सावकाश वाचा. कोणाला काय लिहिते, काय लिहून खोडावंसं वाटतं, कोणाचा विचार करताना तिचा सूर मऊ होतो.

तिच्या नावाबद्दल थोडं सांगतो कारण हे हमखास काढलं जातं. जेम्स क्लॅरेन्स मॅंगनची १८४६ ची ‘डार्क रोझालीन’ ही कविता आयर्लंडमध्ये सगळ्यांना माहीत, त्यात रोझालीन म्हणजे देश. त्यामुळे "आई म्हणजे आयर्लंड" असं सूत्र मांडून बरेच जण खुश होतात. संदर्भ आहे, तो नाकारायचं कारण नाही, पण त्यावर सगळं वाचन उभं केलंत तर कार्ड लिहिणारी ही विशिष्ट बाई हातातून जाते. एक ओळ नोंद करा आणि पुढे चला.

इथे थांबा. दुसरा भाग लगेच सुरू करू नका. पाचही रकाने समोर ठेवून एक अंदाज लिहा: ही पाच माणसं एका घरात आली तर पहिली ठिणगी कुठे पडेल? बरोबर येणं महत्त्वाचं नाही. अंदाज लिहिला की दुसरा भाग वाचताना लक्ष आपोआप बारीक होतं.

आणि अजून एक, विशेषतः आपल्या वाचकांसाठी. या टप्प्यावर "आपल्याकडे पण अगदी हेच असतं, गावाकडचं घर, विकायचं की नाही, मुलं अमेरिकेत" असं मनात येतंच. यायला हरकत नाही, पण तिथेच थांबलं की वाचन थांबतं. मॅडिगन मंडळींचं घर २००५ च्या त्या वेड्या बाजारात विकायला निघालंय, हे देशांतर पिढ्यानपिढ्यांचं आहे, १८४५ ते १८५२ च्या दुष्काळापासून लोक याच किनाऱ्यावरून जात आलेत. साम्य दिसलं की लगेच पुढचा प्रश्न विचारा, फरक काय आहे?

## टप्पा ७: दुसरा भाग, घरी येणं

डॅन टोरॉंटोहून, हॅना आणि एमेट डब्लिनहून, कॉन्स्टन्स जवळूनच. हॅना आता नटी आहे, तान्हं मूल आहे, आणि पिते. सगळे नाताळासाठी आर्डीव्हिन या घरात जमतायत.

आता कागदावरच्या नोंदी थांबवा आणि वाचत सुटा. फक्त तीन गोष्टींवर नजर ठेवा.

पहिली, पैसा. कॉन्स्टन्सची सुपरमार्केटमधली खरेदी म्हणजे नुसती यादी वाटते आणि लोक ती वगळतात, वगळू नका. ट्रॉलीत काय काय पडत जातं, शेकडो युरोंचं बिल होतं, ते कोण भरतं, कोणासाठी काय खास घेतलंय. तेजीतला आयर्लंड आणि या बाईचं सगळ्यांसाठी राबणं दोन्ही त्या एका ट्रॉलीत आहे.

दुसरी, दारू. कोण कोणाचा ग्लास मोजतंय ते बघा. हॅनाबद्दल कोण काय बोलतं आणि तोंडावर कोण काहीच बोलत नाही.

तिसरी, बोलायची पद्धत. या घरातले लोक मुद्द्याचं कधीच सरळ बोलत नाहीत. जेवणाबद्दल, रस्त्याबद्दल, हवेबद्दल बोलतात आणि त्यातच टोचतात. संवाद हळू आवाजात मोठ्याने वाचून बघा, खरंच उपयोग होतो, टोमणा कुठे लागला ते कानाला लगेच कळतं. आयरिश इंग्रजीत ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे ओरडणं, करवादणं, ‘ग्रॅंड’ म्हणजे ठीक आहे, बरं आहे, आणि ‘युअर मॅन’ म्हणजे तो अमुक माणूस, कोणाचाही नवरा नव्हे. एवढं माहीत असलं की शब्दकोश लागत नाही.

पुढे एके ठिकाणी भुकेच्या गवताचा संदर्भ येतो. ही आयरिश लोकसमजूत आहे, दुष्काळात माणसं जिथे मेली तिथे उगवलेल्या गवतावर पाय पडला तर न शमणारी भूक लागते असं म्हणतात. आणि कागदाच्या कोपऱ्यात सूर्यास्ताची वेळ लिहिली होती ती इथे काढून बघा.

इशारा: मोठा भावनिक समेट होईल, सगळे रडतील आणि एकमेकांना माफ करतील, अशी वाट बघत वाचलंत तर शेवट अर्धवट वाटेल. काहीतरी बदलतं, पण ते कोणी जाहीर करत नाही. कोण कोणाच्या जवळ उभं आहे, कोण फोन करतं, पैशाचं काय होतं, याकडे बघा.

## टप्पा ८: संपल्यावर

लगेच मत लिहायला बसू नका. पहिलं प्रकरण परत वाचा, हॅनाचं पूर्ण. तेव्हा जे गोड किंवा विनोदी वाटलं होतं त्यातलं किती आता तसं वाटतं ते बघा. वडिलांची वाक्यं विशेष बघा, पहिल्या वाचनात ती जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. मग नाताळाआधी लिहिलेला अंदाज काढा आणि कुठे चुकला ते पाहा, बहुतेक वेळा चूक अशी निघते की आपण भांडण दोन मोठ्या आवाजाच्या माणसांत धरलेलं असतं आणि खरी ओढाताण गप्प बसणाऱ्यांकडून आलेली असते.

आता समीक्षा आणि मुलाखती बघायला हरकत नाही.

गटात चर्चा करणार असाल तर प्रश्नांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. "आई कशी वाटली?" हा पहिला प्रश्न ठेवलात की पुढचा सगळा वेळ रोझालीनवर खटला चालतो, दोन पक्ष पडतात आणि बाकी पुस्तक उघडलंच जात नाही. त्याऐवजी असं करा:

1. प्रत्येकाला एक मूल वाटून द्या. त्याने फक्त त्या मुलाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही तेवढंच सांगायचं, मत नाही.
2. मग एखादा प्रसंग घ्या, डॅनची घोषणा घेतली तरी चालेल, आणि चौघांनी आपापल्या पात्राच्या बाजूने तो सांगायचा.
3. नंतर पॅटवर बोला. जिवंत असताना आणि नसताना तो घरात काय धरून होता?
4. घर विकायचा निर्णय. २००५ मध्ये तो कसा दिसतो, २००८ नंतर कसा दिसतो.
5. आई शेवटी. तोपर्यंत लोकांची भाषा बदललेली असते, "त्रासदायक" हा शब्द फारसा येत नाही आणि आला तर मागे उदाहरण असतं.

कोणी पुस्तक पूर्ण न करता आलं असेल तर पहिले तीन प्रश्न त्याच्यासमोर बिनधास्त चालतात, फक्त तिसऱ्यात पॅटच्या जाण्यानंतरचं बेताने बोला. चौथ्याच्या आधी त्याला विचारा, थांबायचंय की जायचंय.